धोटा, इंजिन आणि मधली शिट्टी

सोलापुरात फुटबॉल खेळतात असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस आधी हसतो आणि मग चादरीचा भाव विचारतो. मला दोन्हीची सवय झाली आहे. मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो, आणि नोकरीच्या जोडीनं जवळजवळ सगळं उमेदीचं आयुष्य शहरातल्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून काढलं. माझं गाव माढा तालुक्यात. तिकडे कुस्ती आणि कबड्डी. मी काय करतो हे वडिलांना एकदा नीट समजावून सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हंजी बाकीची चेंडूमागं पळत्यात आन् तू त्येंच्यामागं. चेंडूला पाय लावायचा न्हाय. मग दमतूस कशापायी?"



आमच्या शहरात संघ बरेच आहेत, पण गाव दुभंगतं ते दोन संघांच्या सामन्याला. एक पूर्व भागातल्या विणकर वस्तीचा. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. या संघाचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला 'धोटा' म्हणतात. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन मागावर या टोकाहून त्या टोकाला पळणारं लाकडी होडकं. दुसरा संघ रेल्वेच्या चाळींमधला. त्याचं नाव अर्थातच 'इंजिन'. तिथं दखनी उर्दू बोलणारे, मराठी बोलणारे, अक्कलकोटकडून आलेले कानडी बोलणारे, सगळे एका चाळीत वाढलेले. संक्रांतीला भरलेली गड्ड्याची जत्रा उठली की स्पर्धा लागते, आणि अंतिम सामन्यात बहुतेक वेळा हेच दोघे समोरासमोर येतात. त्या दिवशी पूर्व भागातले माग लवकर बंद होतात. रेल्वेच्या चाळींत लग्नाची तारीख धरत नाहीत.

या सामन्याला पंच मिळणं अवघड. पुण्याचे, कोल्हापूरचे एकदा येऊन गेले की पुन्हा येत नसत. शहरातला घ्यावा तर तो कुठल्या ना कुठल्या बाजूचा निघायचा. मी माढ्याचा, मला ना तेलुगू येत होतं, ना दखनी. दोन्ही बाजूंचा माझ्यावर सारखाच अविश्वास होता, आणि हीच माझी पात्रता ठरली. वर्षानुवर्षं तो सामना माझ्याकडे आला.

त्यातून काय काय वाट्याला आलं ते सांगत बसलो तर अंक भरेल. एक सांगतो. इंजिनवाल्यांच्या वस्तीजवळ एका केशकर्तनालयात मी दाढी करायला बसलो होतो. अर्धी दाढी झाल्यावर कारागिरानं वस्तरा थांबवला आणि आरशात माझ्याकडे बघत शांतपणे विचारलं, "सर, वो ऑफसाइड कैसा था, जरा समझाव." मी तिथल्या कंगव्यांची मांडणी करून, हा बचावपटू, हा आघाडीचा, असं सगळं समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "फिर भी नहीं था." मग उरलेली दाढी केली, आणि ती फार चांगली केली.

पंचाचं काम बाहेरून दिसतं तसं शिट्टी वाजवण्याचं नाही. ते जागेवर असण्याचं काम आहे. जे घडणार आहे ते जिथून दिसेल तिथं आधी पोचायचं. तुम्ही योग्य जागी असाल तर निर्णय आपोआप दिसतो. नसाल तर जगातलं कुठलंही नियमांचं पुस्तक उपयोगी पडत नाही. आणि चांगला पंचसुद्धा प्रत्येक वेळी योग्य जागी नसतो. म्हणून दोन्ही बाजूंना रेषेवर दोन सहायक असतात. पण त्यांनाही मर्यादा असते. बाजूनं पाहणाऱ्याला चेंडूनं रेषा ओलांडली की नाही ते कळतं. तो खांबाच्या आतून गेला की बाहेरून, ते बाजूनं कळत नाही. माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी गोष्ट याच फटीत घडली.

धोटाचा गोलरक्षक होता अंबादास. टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचा. उंच, हडकुळा, बोलायला कमी. मैदानावरच्या जाळ्या बांधायचं कामही त्याच्याकडेच असायचं, कारण सुताची गाठ मारावी तर त्यानंच. वर्षानुवर्षं तो आपल्या आणि समोरच्या, दोन्ही गोलांना जाळ्या बांधत आला होता, आणि इंजिनवाल्यांनी कधी हरकत घेतली नव्हती. त्यांचा आघाडीचा खेळाडू इक्बाल. त्याचं रेल्वेत काम होतं आणि डाव्या पायात तोफ होती. हे दोघे एकमेकांसमोर आले की माझ्यासारख्या माणसालासुद्धा आपण पंच आहोत याचा क्षणभर विसर पडायचा. इक्बाल मारायचा तेव्हा अंबादास आधीच निघालेला असायचा. हे त्याला कुठून कळतं, हे जवळून पाहूनही मला कधी कळलं नाही.

धोटाचे प्रशिक्षक राजेशम मास्तर. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण आवाज शाबूत. त्यांनी या संघासाठी सगळी हयात घातली होती. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी धोटानं करंडक जिंकून बरेच हंगाम लोटले होते, आणि मास्तरांनी सांगून टाकलं होतं की हा शेवटचा. यानंतर आपण घरी बसणार.

इंजिनबरोबरचा अंतिम सामना बरोबरीत चालला होता. दोघांचेही गोल नाहीत. ऊन पश्चिमेला उतरलेलं, आणि उत्तरार्धात अंबादासचा गोल नेमका त्याच बाजूला. त्या दिशेला पाहिलं की डोळ्यांत नुसता सोनेरी धुरळा. लोक मोबाइल वर धरून चित्रण करत होते, पण पुढे कुणाच्याही मोबाइलमध्ये चकाकीशिवाय काही निघालं नाही.

सामना संपत आला असताना इक्बालला डाव्या बाजूला चेंडू मिळाला. त्यानं एक बचावपटू मागे टाकला आणि मारला. मी योग्य जागी पोचायला पळत होतो, पण उन्हाच्या तोंडावर होतो. चेंडू खाली, जमिनीलगत, खांबाकडे गेला. अंबादास आडवा झाला. पुढच्या क्षणी चेंडू गोलाच्या मागे मोकळ्या मुरुमावर उड्या मारत लांब जाताना दिसला. इक्बाल गुडघ्यांवर बसला आणि त्यानं डोकं धरलं. धोटाच्या लोकांनी सुटकेचा असा श्वास टाकला की तो मैदानाच्या मध्यापर्यंत ऐकू आला. मी सहायकाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली; चेंडू रेषेबाहेर गेला एवढंच त्याला दिसलं होतं. मी गोल-किकची, म्हणजे गोलरक्षकानं चेंडू मारून खेळ पुन्हा सुरू करायची, खूण केली. कुणीही तक्रार केली नाही. इंजिनच्या एकाही खेळाडूनं नाही, एकाही प्रेक्षकानं नाही.

अंबादास चेंडू आणायला गेला. परत आला. गोल-किकसाठी चेंडू जिथं ठेवायचा तिथं आला, वाकला, चेंडू ठेवला. मग तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, वेळ काढतोय. मी हातानं घाई कर म्हणून खुणावलं. त्यानं चेंडू पुन्हा उचलला, काखेत धरला आणि चालायला लागला. आपल्या बचावपटूंमधून, मैदानाच्या मध्याकडे, सरळ माझ्या दिशेनं. गोलरक्षक चेंडू हातात घेऊन आपला गोल सोडून चालत येतो आहे, हे दृश्य मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. 

माझ्यासमोर येऊन तो म्हणाला, "सर, गोल हाय."

"काय?"

"आतनं गेला. जाळी तुटली हाय. माझ्या बोटाला लागून गेला की. चला, बघा."

तेवढ्यात इक्बाल पळत आला. त्यानं अर्धवट ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा नाचेल. तो म्हणाला, "सर, मेरेकू तो भार गया सरीका दिखा. खंबे के भार से."

 सगळी कारकीर्द मी याच्या उलट ऐकण्यात घालवली होती. मारणारा आईची शपथ घेऊन आत होता म्हणतो, अडवणारा देवाची शपथ घेऊन बाहेर होता म्हणतो, आणि पंचानं दोघांचंही ऐकायचं नसतं. इथं मारणारा म्हणत होता बाहेर, आणि अडवणारा म्हणत होता आत. शहरातल्या सगळ्यात कडव्या सामन्यात, करंडक समोर टेबलावर ठेवलेला असताना, दोघंही आपापल्या वस्तीच्या विरुद्ध बोलत होते. कारण त्यांना जे दिसलं होतं, ते तसंच दिसलं होतं.  

नियम असा की खेळ पुन्हा सुरू होण्याआधी पंचाला आपला निर्णय बदलता येतो. गोल-किक मारली गेली नव्हती. आम्ही तिघं आणि सहायक, असे गोलापाशी गेलो. सामन्याआधी मी दोन्ही जाळ्या ओढून पाहिल्या होत्या. ते पंचाचं कामच असतं. आता खांबाजवळ खालच्या कोपऱ्यात उन्हानं कुजलेला दोर ताजा तुटलेला होता. टोकं पांढरी होती. अंबादासनं ती बोटांत धरून मला दाखवली. भोक चेंडूएवढं होतं आणि खांबाच्या आत होतं. दुसरा अर्थ निघत नव्हता.

मी मध्याकडे हात केला. गोल.

पुढचा थोडा वेळ मला तुकड्यातुकड्यांतच आठवतो. धोटाचे खेळाडू अंबादासवर धावून गेले. एकानं त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. मैदानाभोवतीच्या दोरीपलीकडून एक चप्पल आली. माणसं दोरीखालून आत यायला लागली, आणि बंदोबस्ताचे पोलीस होते ते चहाच्या गाडीपाशी. मी शिट्टी वाजवत होतो आणि ती कुणी ऐकत नव्हतं.

ती गर्दी राजेशम मास्तरांनी थांबवली. काठी टेकत ते आत आले आणि आपल्या माणसांकडे तोंड करून उभे राहिले. तेलुगूत काय बोलले ते मला कळलं नाही. दोनतीन वाक्यंच होती. लोक मागे सरले. मग ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सर, सामना पुरा करा."

सामना पुरा झाला. इंजिन जिंकलं. त्यांनी करंडक घेतला, पण दरवर्षीसारखी मैदानाची फेरी मारली नाही. ढोलवाले ढोल गळ्यात अडकवून उभे होते, त्यांना कुणी वाजवा म्हटलं नाही.

खेळाडू कपडे बदलत होते तिथं राजेशम मास्तर अंबादासला म्हणाले, "उद्यापासनं येऊ नको." आवाज चढवला नाही. अंबादासनं मान हलवली आणि चपला घातल्या.

त्याला एकट्याला वस्तीत जाऊ देणं मला बरोबर वाटलं नाही. मी त्याच्याबरोबर निघालो. थोडं पुढे गेल्यावर मागून इक्बाल आला. मी त्याला म्हटलं, तू येऊ नकोस, तिकडे लोक तापलेले असतील. तो म्हणाला, "गोल मेरा था ना सर," आणि आमच्याबरोबर चालू लागला.

वाटेत मी अंबादासला विचारलं, "राजेशम मास्तर काय म्हणाले तुला आधी? सामना संपल्यावर दोरीपाशी बोलत होते ना."

तो म्हणाला, "म्हणाले, गप बसला असतास तर काय झालं असतं. गप बसणं म्हणजे खोटं बोलणं न्हाय." थोडं चालून तो पुढे म्हणाला, "खरं हाय सर त्यांचं. मी पण तेच ठरवलं होतं. पण गोल-किक मला मारायची होती की. चेंडू ठेवला. पाय उचललाच न्हाय."

दिवेलागण झाली होती. गल्लीत माग बंद असल्यानं नेहमीचा खडखडाट नव्हता, आणि त्या शांततेत आमच्या तिघांच्या चपलांचा आवाज फार मोठा वाटत होता. बाया पायऱ्यांवर मांडीत सुपं घेऊन विड्या वळत होत्या. आम्ही समोरून गेलो की त्यांचे हात थांबत.  बातमी आमच्या आधी पोचली होती. अंबादासची आई लक्ष्मव्वा दारातच उभी होती. तिनं आधी मुलाकडे पाहिलं, मग इक्बालकडे, मग माझ्याकडे. मुलाला विचारलं, "होता का आत?"

"होता."

ती बाजूला झाली. "रा बिड्डा," म्हणाली. ये रे बाळा. आणि मग इक्बालकडे बघून मराठीत, "तू पण ये की. भायेर का हुबारलास?" त्या संध्याकाळी रेल्वेच्या चाळीतला इक्बाल धोटाच्या गल्लीत बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी जेवला. दाराबाहेर माणसं जमून होती. ती आत आली नाहीत, आणि तिथून हललीही नाहीत.

नंतरचे दिवस अंबादासला सोपे गेले नाहीत. कारखान्यात त्याच्याशी बोलणारे कमी झाले. संघात नवा गोलरक्षक आला. राजेशम मास्तर घरी बसणार होते ते बसले नाहीत. करंडक मिळाल्याशिवाय बसायचं नाही असं त्यांनी आता ठरवलं होतं. अंबादास सामने पाहायलाही येईना.

मी एकदा त्याच्या कारखान्यात गेलो. मागांच्या आवाजात तिथं बोलणं अशक्य. मी खिशातून शिट्टी काढली आणि त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. मी पुन्हा पुढे केली. तो हसला. एवढंच आमचं बोलणं. पुढच्या रविवारी तो पंचांच्या वर्गाला आला.

शिकवायला तो त्रासाचा होता. शिट्टी फार उशिरा वाजवायचा. मी चिडायचो. तो म्हणायचा, "सर, नीट दिसू दे की आधी." पण गोलरक्षकाची ती नजर, चेंडू कुठं जाणार हे आधी कळणारी, ती आता त्याला जागेवर पोचवत होती. अकलूज, माळशिरसकडच्या शाळांच्या स्पर्धांना मी त्याला घेऊन जायचो. उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन चाकोऱ्या पडलेल्या मैदानांवर तो पळायचा. मी कडेला बसून पाहायचो. मला जिथं पोचायला सगळी कारकीर्द लागली, तिथं तो आधीच उभा असायचा. याचं मला थोडं वाईट वाटायचं, हे लपवत नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी पुन्हा धोटा आणि इंजिन अंतिम सामन्यात आले. पंच कोण, यावर बैठक बसली. इक्बालचा गुडघा गेला होता आणि तो आता इंजिनचा चिटणीस होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "हमारे तरफ से एकच नाम. अंबादास."

 धोटाच्या वस्तीतला, धोटासाठी खेळलेला माणूस इंजिन स्वतःहून मागत होतं. या शहरात असं कधी घडलं नव्हतं. सगळे राजेशम मास्तरांकडे पाहू लागले, कारण होकार दोन्ही बाजूंचा लागतो. मास्तरांनी बराच वेळ काठीच्या मुठीवर हात घासले.

"तो आमचा हाय," ते म्हणाले. "म्हणून आम्हालाच जड जाणार." मग थोडं थांबून, "येऊ दे."

तो सामना मी पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसून पाहिला. खुर्ची राजेशम मास्तरांच्या शेजारी मिळाली. इंजिन एका गोलानं पुढे होतं. शेवटी शेवटी धोटाच्या एका पोरानं डोक्यानं चेंडू मारला; तो वरच्या आडव्या दांड्याला लागून खाली रेषेवर पडला, उसळला आणि गोलरक्षकानं कवेत घेतला. धोटाची सगळी बाजू उठून उभी राहिली. आत की बाहेर, तळहाताएवढा फरक. माझ्या काळात या क्षणी दोरी तुटली असती.

अंबादास खांबाच्या रेषेत, अगदी जवळ उभा होता. सवयीप्रमाणे त्यानं उशीर केला. त्या उशिरात मैदानावर असा सन्नाटा होता की पोरांच्या धापा ऐकू येत होत्या. हजारो माणसं एका माणसाच्या हाताकडे बघत होती, आणि एकही जण त्याला काय दिसावं हे ओरडून सांगत नव्हता. माझ्या शिट्टीला लोक चिडले, घाबरले, क्वचित मानलीही त्यांनी. पण अशी वाट कुणी कधी पाहिली नाही.

राजेशम मास्तर पुटपुटले, "आत होता."

"मला बाहेर वाटला," मी म्हणालो.

"त्याला काय दिसलं?"

अंबादासनं दोन्ही हात आडवे हलवले. गोल नाही, खेळ चालू.

"मग न्हाय," मास्तर म्हणाले, आणि खाली बसले. त्यांच्यामागे धोटाची सगळी बाजू एकेक करून खाली बसली.